पीसीओडीचं नीट निदान व्हायला ११ वर्षं लागली, कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एका क्लिनिकचा अनुभव

रिव्ह्यू लांब होणार आहे, पण ज्या पोरींच्या फाईलमध्ये नुसता 'बायलॅटरल पीसीओडी' (म्हणजे दोन्ही अंडाशयांत पीसीओडी, पाळी आणि हार्मोन बिघडण्याचा आजार) लिहिलेला सोनोग्राफीचा कागद आहे आणि त्यापुढं कुणी काही समजावून सांगितलेलं नाही, त्यांनी पूर्ण वाचा. क्लिनिक राजारामपुरीत आहे, मेन रोडवरनं गल्लीत आत गेलं की पहिल्या मजल्यावर. डॉक्टर मॅडमचं नाव इथं टाकत नाही कारण त्यांना विचारलेलं नाही, आणि आधीच्या डॉक्टरांची नावं तर मुळीच घेणार नाही, मला भांडायचं नाही कुणाशी.

माझी पाळी १३ व्या वर्षी सुरू झाली आणि कधीच वेळेवर आली नाही. कधी दोन महिन्यांनी, कधी तीन, आली की मग दहा-दहा दिवस थांबायची नाही. २०१४ ला दहावीच्या सुट्टीत मम्मी मला पहिल्यांदा दवाखान्यात घेऊन गेली. पाच मिनिटं बोलणं, लगेच सोनोग्राफी, रिपोर्टवर पीसीओडी आलं आणि २१ दिवसांच्या हार्मोनच्या गोळ्या सुरू. गोळ्या चालू होत्या तोवर पाळी ठरल्या दिवशी यायची, आम्हाला वाटलं बरं झालं. बंद केल्या की परत जैसे थे. गोळीवर असताना जी पाळी येते ती गोळी थांबवल्यामुळं येते, आतलं काही दुरुस्त झालं म्हणून नाही, हे साधं वाक्य मला वयाच्या २७ व्या वर्षी कळलं.

मग कॉलेजमध्ये असताना दुसरे डॉक्टर. ते म्हणले लग्न झालं की सगळं आपोआप लाईनीवर येतं. मी तेव्हा १९ वर्षांची. मम्मीनं ते इतकं मनावर घेतलं की पदवी व्हायच्या आत स्थळं बघायला सुरुवात. तिसरे म्हणले तू तर बारीक आहेस, पीसीओडी जाड मुलींना असतं, टेन्शन घेऊ नको. माझं वजन ५४ किलो, उंची पाच फूट दोन. त्यांनी मला तपासलंसुद्धा नाही, टेबलापलीकडनं बघून सांगितलं. २०२४ ला चौथ्या डॉक्टरकडं गेले, तिथं परत काही न तपासता त्याच २१ दिवसांच्या गोळ्या.

मधल्या काळात हनुवटीवर केस येऊ लागले. पिंपल्ससाठी स्किनवाल्यांकडं वेगळे पैसे, केसांसाठी लेझरचं सहा सिटिंगचं पॅकेज वेगळं, पाळीसाठी वेगळा डॉक्टर. तिघांनाही मी बाकीचं सांगत होते पण हे सगळं एकाच ठिकाणचं असू शकतं असं कुणी म्हणलं नाही. म्हणलं ते आमच्या मंगळवार पेठेतल्या पार्लरवाल्या ताईंनी. मी दर बारा-पंधरा दिवसांनी थ्रेडिंगला जायचे, त्या दोरा तोंडात धरून काम करत होत्या, थांबल्या आणि म्हणल्या, "आगं बाळ, हे केस आयब्रोसारखे नाहीत, जाड हाईत, हार्मोन्स तपासलास का कधी? माझ्या भाचीचं असंच हुतं, ती राजारामपुरीत जाती." पत्ता त्यांनीच दिला. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

आता क्लिनिकबद्दल. पहिली व्हिजिट जानेवारीत झाली. फोनवर साडेअकराची वेळ दिली होती, नंबर लागला एकला. बसायला सात-आठ खुर्च्या, बाकीच्या बायका जिन्यात उभ्या. आणि एक गोष्ट खरंच खटकली, रिसेप्शनवरच्या मुलीनं सगळ्यांसमोर मोठ्यानं विचारलं, "पाळीचं आहे का प्रेग्नन्सीचं?" शेजारी एक आजोबा सुनेला घेऊन बसलेले. मी मान खाली घालून पाळीचं म्हणलं. हे मी नंतर मॅडमना सांगितलं, पुढच्या वेळी गेले तर फॉर्म हातात देऊन लिहायला सांगत होते. ऐकून बदल केला याचं बरं वाटलं.

पण एकदा आत गेलं की घाई नाही. मला अर्धा तास दिला, जास्तच. पाळी कधी सुरू झाली, एका वर्षात किती वेळा येते, केस कुठं कुठं येतात, घरात साखर कुणाला आहे, आत्या-मावशीला असा त्रास होता का, झोप कशी लागते, घोरतेस का, दिवसा झोप येते का. आणि मन कसं असतं, रडू येतं का उगीच. हे मला आजवर एकाही डॉक्टरनं विचारलं नव्हतं. मॅडम म्हणल्या या आजारात नैराश्य आणि चिंता जास्त दिसते, त्यामुळं हे विचारणं तपासणीतच येतं.

वर्षात किती वेळा पाळी येते याचं उत्तर मम्मीकडं होतं. आमच्या किचनमध्ये गॅसच्या बाजूला कालनिर्णय असतं, त्यावर दुधाचा हिशोब, सिलिंडरची तारीख, आणि माझ्या पाळीच्या तारखेभोवती लाल पेनचा बारका गोल. जुनी कॅलेंडरं ती फेकत नाही, मागे पाककृती असतात म्हणून. यायच्या आदल्या रात्री आम्ही दोघींनी २०२२ आणि २०२३ ची काढून मोजलं, या दोन वर्षांत मी कसल्याच गोळ्या घेत नव्हते. २०२२ मध्ये पाच गोल. २०२३ मध्ये सहा. मॅडमनी त्या कॅलेंडरांचे मोबाईलवरचे फोटो एकेक महिना करून बघितले आणि म्हणल्या हा तर सगळ्यात चांगला रिपोर्ट आणलासा. ३५ दिवसांपेक्षा लांबणारी किंवा वर्षात ८ पेक्षा कमी वेळा येणारी पाळी म्हणजे अनियमित, त्यामुळं पहिला मुद्दा तिथंच पक्का झाला.

मुद्दे तीन असतात हे त्यांनी कागदावर लिहून दाखवलं. एक, पाळी अनियमित म्हणजे बीज वेळेवर तयार होऊन सुटत नाही. दोन, पुरुषी हार्मोन जास्त, ते रक्तात दिसेल नाहीतर अंगावर दिसेल, म्हणजे केस, पिंपल्स, टाळूवरचे केस विरळ होणं. तीन, सोनोग्राफीत अंडाशयात बारीक बारीक फॉलिकल, म्हणजे बीज वाढतं त्या पिशव्या, खूप दिसणं. तीनपैकी दोन असले आणि तसंच दिसणारे दुसरे आजार नाहीत हे तपासून झालं की मग पीसीओएस (पीसीओडीचंच दुसरं नाव) म्हणायचं. २००३ मध्ये रॉटरडॅमला डॉक्टर लोकांनी बसून हे ठरवलं, अजून बहुतेक ठिकाणी त्याच पायावर निदान होतं. म्हणजे नुसत्या सोनोग्राफीवर पीसीओडी लिहून मोकळं होणं हे मुळात निदानच नाही, आणि माझ्या फाईलीत ११ वर्षं तेवढंच होतं.

दहावीतला तो रिपोर्ट त्यांनी बघितला आणि बाजूला ठेवला. म्हणल्या त्या वयात अंडाशयात फॉलिकल भरपूर असणं नॉर्मल असतं, पाळी सुरू होऊन ८ वर्षं व्हायच्या आत सोनोग्राफीवरनं हे निदान करू नये असं २०१८ च्या पीसीओएसवरच्या आंतरराष्ट्रीय गाईडलाईनमध्ये स्पष्ट आलं. २०१४ ला तसं लिहिलेलं नव्हतं, त्यामुळं त्या पहिल्या डॉक्टरांना मी दोष देत नाही. पुढच्या तिघांना मात्र देते. आणि त्या गाठी वगैरे नसतात बरं का, मी इतकी वर्षं पोटात गाठी आहेत म्हणून घाबरत होते, रात्री हात लावून बघायचे. ती अर्धवट वाढून थांबलेली फॉलिकल असतात, नावात सिस्ट आहे म्हणून सगळा घोळ. पीसीओडी हलकं आणि पीसीओएस भारी असंही काही नाही, आपल्याकडं दोन्ही नावं एकाच गोष्टीला वापरतात.

मग त्यांनी मला उठवलं, दिव्याखाली उभं केलं आणि नीट तपासलं. ओठावर, हनुवटी, छाती, पोट, पाठ, दंड, मांड्या, अशा नऊ जागा असतात, प्रत्येक जागेला शून्य ते चार मार्क. माझे ११ झाले, म्हणजे केस जास्त. आम्ही थ्रेडिंग-वॅक्सिंग करतो त्यामुळं कमीच दिसतं, म्हणून त्यांनी किती दिवसांनी करतेस तेही लिहून घेतलं. शेवटी माझी वेणी बाजूला करून मानेवर बोट फिरवलं. माझी मान आठवीपासनं काळी आहे, मखमलीसारखी जाडसर. मम्मी दर रविवारी बेसन-दही लावून घासायची, कधी लिंबू, कधी दगडानं, रक्त यायचं, आणि म्हणायची अंघोळ नीट करत नाहीस. मी कॉलेजला कॉलरचे ड्रेसच घालायचे. मॅडम म्हणल्या, "हा मळ नाही. हे अंगात इन्सुलिन वाढल्यामुळं होतं, घासून जाणार नाही, घासू नका." मम्मी मागं खुर्चीवर बसलेली. तिच्या तोंडून एकदम "आई गं" निघालं आणि ती पदर तोंडाला लावून रडायला लागली. मॅडमनी मला बाजूला ठेवून आधी तिला पाणी दिलं, म्हणल्या ताई, हे तुम्हाला कुणी सांगितलं नाही, तुमची काय चूक? परत येताना रिक्षात मम्मीनं माझ्या मानेवर हात ठेवला होता तो घर येईपर्यंत काढला नाही.

रक्ताच्या टेस्ट लगेच झाल्या नाहीत, आणि हे आधी कळलं तर बरं म्हणून सांगते. त्या २१ दिवसांच्या गोळ्या चालू असतील तर हार्मोनचे आकडे खरे येत नाहीत. त्या थांबवून तीन महिने जावे लागतात. मला तीन महिने थांबणं जड गेलं, गोळी सोडल्यावर जानेवारी अखेरीला एकदा पाळी आली आणि नंतर काहीच नाही. ९० दिवस झाले की कळवायचं असं सांगून ठेवलं होतं. कळवल्यावर त्यांनी पाळी आणायच्या गोळ्या दिल्या, त्याआधी युरिनची प्रेग्नन्सी टेस्ट. मम्मीला बाहेर बसवून मला एकटीला सांगितलं की ही सगळ्यांनाच करतो, संशय म्हणून नाही. लग्न न झालेल्या मुलीला हे कसं विचारायचं याची इतकी काळजी घेतलेली मी कुठं बघितली नाही.

पाळीच्या तिसऱ्या दिवशी सकाळी उपाशीपोटी रक्त दिलं. टीएसएच, प्रोलॅक्टिन, टेस्टोस्टेरॉन (पुरुषी हार्मोन), एसएचबीजी (तो हार्मोन रक्तात धरून ठेवणारं प्रथिन) आणि १७ ओएच प्रोजेस्टेरॉन. पहिल्या दोन कशासाठी तर थायरॉईड बिघडलं किंवा प्रोलॅक्टिन वाढलं तरी पाळी अशीच चुकते, आणि शेवटची मूत्रपिंडांवरच्या अॅड्रिनल ग्रंथीच्या जन्मजात आजारासाठी, त्यात केस येणं आणि पाळी चुकणं हुबेहूब असंच दिसतं. म्हणजे पीसीओएस म्हणायच्या आधी बाकीच्यांना बाहेर काढायचं. माझ्या ऑफिसातल्या एकीला दोन वर्षं पीसीओडी म्हणून गोळ्या दिल्या आणि नंतर निघालं थायरॉईड, त्यामुळं याला पैसे गेले तर मला वाईट वाटलं नाही. एएमएच (अंडाशयात फॉलिकल किती आहेत याचा अंदाज देणारी रक्ताची टेस्ट) हिचं मीच विचारलं, लॅबच्या पॅकेजमध्ये असते ना. तर मोठ्या बायकांमध्ये सोनोग्राफीऐवजी ती चालते असं २०२३ च्या गाईडलाईनमध्ये आलंय, पण तुझे पहिले दोन मुद्दे होतायत तर तिची गरजच नाही, पैसे वाचव म्हणल्या.

साखरेची टेस्ट म्हणजे नुसती फास्टिंग नाही. उपाशी रक्त घेतात, मग ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यात घालून प्यायचं, दोन तास तिथंच बसायचं, फिरायचं नाही, काही खायचं नाही, आणि परत रक्त. ते पाणी इतकं गोड की दुसऱ्या घोटाला मळमळतं. माझी फास्टिंग आली ९६, म्हणजे शंभरच्या आत, एकदम नॉर्मल. दोन तासांनंतरची आली १५८. १४० च्या वर गेली की प्री-डायबेटिस, म्हणजे डायबेटिसच्या अलीकडची पायरी, २०० ला डायबेटिस. पप्पांना साखर आहे, मी बारीक आहे म्हणून माझी कुणी कधी तपासलीच नव्हती, आणि ऑफिसच्या चेकअपला फास्टिंग करून दरवर्षी 'ओके' येत होतं. तेव्हा ज्यांना पीसीओडी सांगितलंय आणि साखर नुसती उपाशी बघितलीय त्यांनी ही दोन तासांची मागून घ्या.

टेस्टोस्टेरॉन वरच्या मर्यादेच्या थोडं पुढं, एसएचबीजी कमी, थायरॉईड-प्रोलॅक्टिन-१७ ओएच नॉर्मल. दोन मुद्दे पूर्ण, निदान झालं. सोनोग्राफी तरी केली कारण तीन-तीन महिने पाळी येत नाही तेव्हा गर्भाशयाचं आतलं अस्तर वाढत जातं, वर्षानुवर्षं असंच सोडलं तर ते पुढं कॅन्सरपर्यंत जाऊ शकतं, त्यामुळं जाडी बघायची होती. ती ठीक निघाली. पोटावरनंच केली, लघवी रोखून बसायला लागतं, एवढाच त्रास. अस्तराचं हे कारण मला कळल्यावर मी सुन्न झाले, कारण पाळी नाही आली तर बरंच आहे की, कटकट नाही, असं मी आणि माझ्या मैत्रिणी वर्षानुवर्षं म्हणत आलो.

रिपोर्ट घेऊन गेलो त्या दिवशी मम्मीनं शेवटी विचारलंच, डॉक्टर, लग्नाचं काय, पोरं होतील का. मॅडमनी पेन खाली ठेवलं आणि सरळ सांगितलं की बहुतेक बायकांना मुलं होतात, काहींना गोळ्या लागतात बीज तयार व्हायला, त्या गोळ्या आहेत आणि त्या चांगल्या चालतात. पण आज ती २७ वर्षांची आहे आणि आज तिची साखर वाढलीय, मी आज तिच्यावर उपचार करणार, तिच्या लग्नावर नाही. मम्मी गप्प झाली. मला त्या वाक्यानं इतकं बरं वाटलं की काय सांगू, इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्याबद्दल बोलणं चाललेलं.

उपचार माझे मला दिलेत, ते इथं लिहित नाही, कारण प्रत्येकीचे वेगळे असतात आणि उगीच कुणी माझं वाचून मेडिकलमधनं घेऊन येईल. चालण्याचं सांगते, आठवड्याला किमान १५० मिनिटं. मी संध्याकाळी रंकाळ्याला जाते, आधी मम्मीला ओढत न्यायचे, आता ती मला नेते. खाण्याचं म्हणजे क्लिनिकमधल्या डाएटच्या छापील कागदावर ओट्स, क्विनोआ, ब्रोकोली असलं काय काय लिहिलंय, तो कागद माझ्या मते बदलायला हवा, आमच्या घरात ते कोण खाणार आणि रोज कोण आणणार. मॅडमना दाखवलं तर त्याच म्हणल्या ज्वारीची भाकरी, डाळ, उसळ, भाजी, अंडी यानं होतंय, या आजाराला अमुकच एक डाएट लागतं असं कुठं सिद्ध झालेलं नाही. मटण आणि तांबडा-पांढरा रविवारी चालेल का हे मम्मीनं विचारलं, तर चालेल, भात कमी वाढा म्हणल्या.

खर्च सांगते कारण मला कुणी सांगितला नव्हता. पहिली फी ६००, नंतर ४००. सगळ्या रक्ताच्या टेस्ट मिळून पाच हजारांच्या थोडं वर, एसएचबीजी आणि १७ ओएच दोन्ही महाग. सोनोग्राफीचे वेगळे. कमी नाही हे मला मान्य आहे, पण मी फक्त लेझरच्या त्या पॅकेजला याच्या चौपट घातले होते आणि हार्मोन तसेच असल्यामुळं केस परत आले. प्रायव्हेटचं जमत नसेल त्यांनी सीपीआर या सरकारी दवाखान्याची ओपीडी गाठा, पण कुठंही जा, थायरॉईड आणि प्रोलॅक्टिन बघितलं का, दोन तासांची साखर बघितली का, तीनपैकी माझे कुठले दोन मुद्दे आहेत, हे तोंडानं विचारा. विचारल्यावर चिडणारे डॉक्टर मी बघितलेत, तिथनं उठून या.

माझे पाचपैकी चार स्टार. एक कापला तो वेटिंग आणि फोनसाठी, फोन दुपारी कुणी उचलतच नाही, सकाळी दहाच्या आत करा. सोमवारी आणि शनिवारी जाऊ नका, गर्दी फार. गाडी मेन रोडला लावून चालत या, गल्लीत जागा मिळत नाही. जाताना जुने रिपोर्ट, आधी खाल्लेल्या गोळ्यांची रिकामी पाकिटं आणि पाळीच्या तारखा लिहून न्या, तारखा आठवत नसतील तर घरातलं जुनं कॅलेंडर बघा आधी. आणि जायच्या आधी पंधरा दिवस तरी थ्रेडिंग-वॅक्सिंग करू नका, मला हे माहीत नव्हतं, आदल्या दिवशीच करून गेले होते.